तिसऱ्या रविवारचा गूळ

"तुमच्या विषयात प्रॅक्टिकलचे मार्क किती असतात हो?"

समाजशास्त्राच्या देशपांडेसरांनी मला पहिल्याच भेटीत हे विचारलं. विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात आठवड्यातून एक दिवस शिकवायला मला बोलावलं होतं, आणि माझ्या नावापुढे कुणीतरी विषय लिहिला होता : व्यावहारिक ईश्वरपरिज्ञान. देशपांडेसर आमच्या हिंगोलीच्याच जुन्या घरातले. वडील वकील, काका देवस्थानाचे पुजारी. माणूस मनाने निर्मळ, जिभेने तिखट.

"म्हणजे देवाला प्रयोगशाळेत नेता की काय?"

"देवाला नाही सर, पाळकाला, म्हणजे आमच्यासारख्या पास्टरला. प्रयोग त्याच्यावर करतात," मी म्हणालो. तिथून आमची दोस्ती जमली ती आजतागायत.

खरं तर हा प्रश्न मला जन्मभर निरनिराळ्या लोकांनी विचारला. माझ्या चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, पास्टर विद्यापीठात जाऊन बिघडला. विद्यापीठातल्यांना वाटायचं, हा बाबा वर्गात प्रार्थना घेईल. आणि आखाडा बाळापूरच्या बाजारात माझ्या ओळखीचा एक हॉटेलवाला होता, तो दर खेपेला चहाचा कप पुढे करून म्हणायचा, "पास्टरसाहेब, तुमी नेमकं काय काम करून राहिले, ते एकदा समजावून सांगा ना." मी समजावायचो. तो मान डोलवायचा आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तेच विचारायचा.

त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी म्हणून एकदाचं सांगून टाकतो. देव कसा आहे, हे सांगणारे पंडित आमच्या धर्मात पुष्कळ आहेत. त्यांची पुस्तकं उशाला घेतली तर मान मोडेल. माझं खातं निराळं. देवाचं नाव घेऊन माणसं माणसांशी काय करतात, ते बघायचं. मयताच्या घरात पाळक काय बोलतो, आजाऱ्याच्या खाटेशी कुठे बसतो, दोन भाऊ भांडले तर कुणाच्या घरी आधी चहा पितो, ते तपासायचं. जिथे चुकतं तिथे का चुकतं हे शोधायचं आणि भावी पाळकांना शिकवायचं. विद्यापीठातली पोरं पाळक होणार नव्हती, पण दुसऱ्याच्या घरात मदत करायला शिरणार होती. शिरायची अक्कल दोघांनाही सारखीच लागते. म्हणून मी रविवारी चर्चमध्ये, शुक्रवारी विद्यापीठात आणि उरलेले दिवस जीपच्या मागच्या फळकुटावर, असा संसार केला.

एक नमुना देतो. धर्मविद्यालयातला एक विद्यार्थी उन्हाळ्याआधी माझ्याकडे प्रात्यक्षिकाला आला होता. हुशार, आवाज खणखणीत. कुरुंद्याला आमच्या मंडळीतल्या एका बाईचा नवरा वारला होता, तिच्या सांत्वनाला मी या विद्यार्थ्याला पाठवलं. तो गेला तेव्हा बाई वावरात हळद शिजवत होती. नवरा गेला म्हणून हळद थांबत नाही. काढलेली हळद वेळेवर शिजवावी लागते, आणि शिजताना जाळ सारखा लागतो. कढईखाली वाळका पाला सारत बसावं लागतं. हा पठ्ठ्या कढईपाशी उभा राहून पुनरुत्थानावर बोलायला लागला. बाईने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दादा, देवाचं बराबर हाय. पण हळद जास्त शिजून राहिली. जरा सरका."

पोरगा फुरंगटून परत आला. म्हणाला, "सर, त्यांना वचनाची गोडी नाही." मी त्याला विचारलं, "तू जाळ घातलास का?" म्हणाला, "मी? का?" मी त्याला त्या प्रात्यक्षिकात नापास केला. दुसऱ्या दिवशी परत पाठवला, बाह्या वर करून दिवसभर पाला सारायला लावला. संध्याकाळी बाईने आपणहून विचारलं, "काल ते कब्रीतून उठण्याचं काय म्हनत होते तुमी?" तेव्हा तो बोलला, आणि म्हणे थोडकं बोलला. आज तो मोठ्या शहरात मोठ्या चर्चचा पाळक आहे. भेटला की अजून पाय धरतो आणि अजून नापास केल्याचं ऐकवतो.

तर असा माझा धंदा. यात मला बक्षिसं फारशी मिळाली नाहीत, पण एक लग्न मी असं लावलं की त्याचा मला अजून अभिमान आहे. तेच आज लिहितो.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. माझ्या वर्गात सुनीता राठोड नावाची मुलगी होती. सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरची, घरची शेती, तांड्यावरून एवढं शिकलेली पहिलीच पोर. तिला क्षेत्रकार्यासाठी मी आमच्या मंडळीच्या मुलींच्या वसतिगृहात पाठवलं. तिथल्या स्वयंपाकीण रत्नाबाई. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा अमोल. त्याला त्यांनी त्याच वसतिगृहाच्या चुलीवर भाकऱ्या थापत वाढवला. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक लागला होता. वसतिगृहाची पाण्याची मोटार वारंवार बिघडायची आणि अमोल ती फुकट दुरुस्त करायचा. सुनीता क्षेत्रकार्याला लागल्यापासून मोटार जरा जास्तच बिघडायला लागली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रत्नाबाईंच्या ते आधीच लक्षात आलं होतं म्हणतात.

दोघं एकत्रच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. सुनीताच बोलली. "सर, लग्न करायचंय. पण मी देव बदलणार नाही. आजोबांनी तेवढी एकच अट घातली आहे, आणि माझीही तीच आहे."

तिचे आजोबा म्हणजे तांड्याचे प्रमुख, हरसिंग नाईक. तांड्यावर नाईकाचा शब्द म्हणजे शब्द. अमोल स्वतः जाऊन त्यांना भेटला होता, त्यांच्या विहिरीवरचं इंजिन चालू करून आला होता. नाईकांना पोरगा पसंत पडला होता. कायद्याची अडचण नव्हती. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी आमच्याकडे लग्न लागतं. अडचण होती आमच्या चर्चच्या पंचांची.

पंचांचे चिटणीस सालोमनराव. निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे भोक्ते. ते म्हणाले, "आधी बाप्तिस्मा, मग अक्षता."

"सालोमनराव, अक्षता आपल्यात नसतात."

"तेच म्हणतोय मी! आज बाप्तिस्मा सोडला तर उद्या अक्षता येतील."

मी तापट माणूस आहे, पण पंचांपुढे तापायचं नाही हे मी फार आधी शिकलो होतो. मी म्हणालो, धाकाने घेतलेला बाप्तिस्मा देवाला चालत असेल तर मला तो देव ओळखीचा नाही. मग त्यांना त्यांच्याच नात्यातल्या दोन लग्नांची आठवण करून दिली, ज्यांत सुना बाप्तिस्मा घेऊन आल्या आणि पुन्हा चर्चकडे फिरकल्या नाहीत. शेवटी, "बिशपसाहेबांची परवानगी आणा," एवढ्यावर ते आले. मी ती आणली. रत्नाबाईंना विचारलं तेव्हा त्या पिठाचे हात झटकत म्हणाल्या, "पोराची मर्जी, साहेब. मी काय बोलू?" मंजुरी म्हणून मी ते मनाशी टिपून घेतलं आणि पुढच्या कामाला लागलो.

आता एक आमची रीत सांगायला हवी. लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत पाळक वधूवरांची नावं मोठ्याने वाचतो आणि विचारतो, या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्याने ती सांगावी. जुनी माणसं याला पुकारा म्हणतात. कुणी काही बोलत नाही. पाळक क्षणभर थांबतो, मग पुढचं गीत सांगतो. पंचवीसेक वर्षं मी पुकारे वाचले, एकदाही कुणी तोंड उघडलं नाही. आमच्यात ती शांतता म्हणजेच होकार. इतकी साधी गोष्ट की तिच्याबद्दल कधी विचारही केला नव्हता.

पहिला पुकारा झाला. दुसऱ्या रविवारी हरसिंग नाईक स्वतः आले. सोबत तांड्यातली पाचसहा जाणती माणसं, डोक्यावर पागोटी. आमच्याकडे पुरुष उघड्या डोक्याने बसतात. सालोमनराव घाईघाईने माझ्याजवळ आले, "पागोटी काढायला सांगा." मी म्हणालो, "थंडीत तुम्ही कानटोपी घालून पहिल्या बाकावर बसता, तेव्हा देवाने कधी तक्रार केली?" ते गेले.

मी नावं वाचली. अमोल अमुक अमुक, सुनीता राठोड. कुणाची हरकत असल्यास सांगावी. थांबलो. नेहमीसारखी शांतता. मी गीत सांगितलं, आणि ते सुरू होताच हरसिंग नाईक उठले, काठी टेकत बाहेर गेले. त्यांच्यामागे सगळी माणसं. उपासनेनंतर चहा ठेवला होता, तोही न घेता जीपमध्ये बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरून निरोप आला, सोयरीक मोडली. पोरगी परत पाठवा.

सुनीता माझ्याकडे आली ती रडत नव्हती, संतापली होती. "आजोबा बोलायलाच तयार नाहीत. आई, आमची याडी, नुसती रडतेय. तुम्ही काय बोललात सर काल?" मी म्हणालो, मी तर दरवेळचंच बोललो. अमोल दारात उभा होता, डेपोतल्या ग्रीसचे हात तसेच. 

आता पंडितांची चंगळ सुरू झाली. सालोमनराव म्हणाले, "मी सांगत होतो. धर्माचाच प्रश्न आहे. क्रूस बघितला आणि बिथरले." देशपांडेसरांकडे गेलो, तर त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "साधी गोष्ट आहे. जातपंचायतीची सत्ता. नाव दुसऱ्याच्या व्यासपीठावरून वाचलं गेलं, म्हाताऱ्याच्या हातून अधिकार सुटला. यावर एक निबंध होईल तुमचा." दोघांचंही बोलणं पटण्यासारखं होतं. दोघांनीही एक गोष्ट केली नव्हती.

"सर," मी विचारलं, "नाईकांना कुणी विचारलं का?"

"ते तुम्हाला खरं कारण सांगतील?"

"विचारून तर बघू."

आमच्याकडच्या गोरेगावला जाणाऱ्या जीपने निघालो, पुढे तांड्यापर्यंत एका ट्रॅक्टरवर. नाईक लिंबाखाली खाटेवर बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण नातवाला हाक मारून दुसरी खाट टाकायला लावली आणि चहा सांगितला. मला तेवढ्यावरून कळलं की दार अजून लोटलेलंच आहे, कडी लागलेली नाही. चहा येईपर्यंत मी पिकाचं, पाण्याचं बोललो. कप रिकामा करून खाली ठेवला आणि विचारलं, "नाईक, आमचं काय चुकलं?"

"काय चुकलं इचारता?" त्यांचा आवाज एकदम चढला. "एवढं भरलेलं तुमचं देऊळ. बाया, बापे, लेकरं. तुमी इचारलं, कोनाला हरकत हाय का. सगळे दगडावानी गप! एकाचं बी तोंड उघडलं न्हाई. माझ्यादेखत माझ्या पोरीला नको म्हनले, आन् तुमी लगेच गाणं सुरू केलं!"

"नको कोण म्हणालं? गप्प बसले म्हणजे मंजूर, नाईक."

"मस्करी करून राहिले काय म्हाताऱ्याची?"

"देवाशपथ नाही."

मग त्यांनी काठी आडवी ठेवली आणि सांगितलं. त्यांच्याकडे सोयरीक पंचात आली की ताटात गूळ फिरतो. ज्याला मंजूर त्याने खडा तोंडात टाकायचा. ज्याला नामंजूर त्याने भांडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त तोंड बंद ठेवायचं. "तोंड बंद म्हंजे न्हाई. इतकी वर्सं नाईकी केली, दोन डाव सोयरीक मोडली मी, ती अशीच. एक मानूस तोंड बंद करून बसलं, संपलं. आन् तुमच्यात तर अख्खं देऊळ तोंड बंद करून बसलं."

मला हसू आवरेना. मी खरोखर मोठ्याने हसलो, आणि नाईक भडकले. मी त्यांना आमची रीत उलगडून सांगितली, की पंचवीस वर्षं मी त्याच शांततेवर लग्नं लावतोय. ते ऐकता ऐकता त्यांच्या मिशा हलायला लागल्या. शेवटी तेही हसले, पण लगेच सावरले. हा म्हातारा सहज हार मानणारा नव्हता.

"ठीक हाय. तुमची रीत तुमची. पन पास्टरसाहेब, एक सांगा. तुमी तीन रविवार इचारता, हरकत हाय का, हरकत हाय का. कोनाला आनंद हाय का, हे काहून इचारत न्हाई?"

एवढी पुस्तकं वाचली, आमच्या उपासनेच्या एकेका शब्दावर व्याख्यानं दिली, पण लग्नाच्या घरी हा प्रश्न आम्ही विचारत नाही हे मला कधी दिसलं नव्हतं. मला राग आला नाही, उलट भारी आनंद झाला. माझ्या धंद्यात असा प्रश्न मिळणं म्हणजे सोनाराला खाण सापडणं.

नाईकांनी तोडगा घातला. तिसऱ्या पुकाऱ्याला तांडा गूळ घेऊन येईल. मंडळीने खावा. "पर एक ध्यानात ठेवा. पहिलं तोंड पोराच्या घरचं उघडाया पायजे. त्यानं न्हाई उघडलं तर बाकी गावानं पोतंभर गूळ खाल्ला तरी पोरगी देनार न्हाई. नांदायचं गावात नसतं, घरात असतं."

आता पुन्हा पंच. सालोमनरावांचा पहिला प्रश्न, "गूळ मूर्तीपुढे ठेवलेला असला तर? नैवेद्याच्या अन्नाबद्दल शास्त्रात काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको." नको होतंच, त्यावर मी वर्षानुवर्षं परीक्षेचे पेपर काढले होते. मी म्हणालो, "गूळ मी मोंढ्याच्या बाजारातून माझ्या हाताने आणतो, बांधलेल्या ढेपेचा. मग तर झालं?" तांड्यावर निरोप पाठवला, गूळ आमचा चालेल का. उत्तर आलं, "गूळ कोनाचा बी असू द्या. खानारं तोंड पायजे."

दुसरा प्रश्न, वाटायचा कुठे. चर्चमध्ये नको, असं पंचांचं एकमत. मी म्हणालो, बाहेर लिंबाखाली वाटू, आशीर्वाद झाल्यावर. चर्चच्या आतल्या शब्दाला हात लावायचा नाही. सालोमनराव थोडे विरघळले, आणि मला हळूच विचारते झाले, "मला साखरेचा त्रास आहे. बोटभर चालेल का?"

तिसरा रविवार. तांडा दोन जीप भरून आला. आरसे लावलेल्या ओढण्या, चांदीची जड कडी, पागोटी. मागचे दोन बाक भरले. देशपांडेसरही आले होते, अगदी दाराजवळ बसले, वही न घेता. मी तिसरा पुकारा वाचला. हरकत विचारली. शांतता. पण या खेपेला मला ती शांतता नेहमीसारखी ऐकू आली नाही. प्रत्येक बंद तोंड दिसायला लागलं.

आशीर्वाद झाला, सगळे लिंबाखाली जमले. नाईकांनी पितळी ताटात गुळाचे खडे मांडले. अमोल नव्या शर्टात घामाघूम. सुनीता स्वतःच्या आईच्या मागे उभी. नाईक ताट घेऊन सरळ पारावर बसलेल्या रत्नाबाईंपुढे आले, थोडं वाकले. असा माणूस कुणापुढे वाकलेला मी पहिल्यांदा बघितला.

"घ्या बाई. पहिला मान तुमचा."

रत्नाबाईंनी हात पदरात गुंडाळून घेतले. ओठ मिटलेले. मान खाली.

"आई, घे ना," अमोल म्हणाला.

त्या हलल्या नाहीत. सगळी मंडळी, सगळा तांडा बघत होता. नाईकांनी ताट सावकाश मागे घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं जड झालेलं काहीतरी होतं. "झालं," ते म्हणाले. "तोंड बंद हाय. चला."

सुनीताने डोळे मिटून घेतले. जीपकडे दोघंतिघं वळलेसुद्धा. माझी परीक्षा होती ती नेमकी ही, आणि इथे मी स्वतःला पैकीच्या पैकी मार्क देतो. मी उपदेश केला नाही. समजावलं नाही. लिंबाच्या पाराखाली रत्नाबाईंच्या पायाशी धुळीत बसलो आणि नाईकांना म्हणालो, "नाईक, तोंड बंद का आहे, हे विचारायची रीत आहे का तुमच्यात?"

"रीत न्हाई," ते म्हणाले. मग जीपकडे वळलेल्यांना त्यांनी हाताने थांबवलं. "पर इचारा."

"रत्नाबाई, या लग्नाला हरकत आहे?"

"न्हाई साहेब. पोरगी गुणाची हाय."

"आनंद आहे?"

त्या पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "न्हाई."

"काहून?" हा प्रश्न नाईकांचा होता. तोही खाली बसून विचारलेला.

"मला वाचता येत न्हाई," रत्नाबाई म्हणाल्या. मंडळीत चुळबुळ झाली, कारण हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. "उपासनेत सगळे पुस्तकात बघून गाणं म्हनतात. अमोल लहान होता तवापासून मला ओळ सांगतो. तो हळू ओळ सांगतो, मंग मी म्हनते. आता ही पोरगी आपल्या देवाला धरून राहनार. राहू दे, तिचं बराबर हाय. पर रविवारी ती घरी राहिली तर हा बी एक दिवस घरीच राहील. बायकोला सोडून कोन आईसंग देवळात येतं? मंग मी काय करू? सगळे गातील आन् मी मुक्यावानी बसू? मला त्या एका घंट्यात गाणंच तर राहिलंय, साहेब."

आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे, मधली वाट अरुंद. रत्नाबाई नेहमी वाटेच्या कडेला बसायच्या आणि अमोल बरोबर त्यांच्या समोरच्या टोकाला. तो सारखा तिकडे वाकून पुटपुटायचा. मी त्याला एकदा सगळ्यांदेखत बजावलं होतं, उपासनेत गप्पा मारू नयेत. व्यासपीठावरून सगळं दिसतं असं आम्ही पाळक समजतो. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

अमोल काही बोलायच्या आत सुनीता आपल्या आईच्या मागून पुढे आली. नाईकांनी डोळे वटारले, कारण पोरीबाळींनी अशा बैठकीत बोलायचं नसतं. तिने आजोबांकडे बघितलंच नाही.

"मी सांगीन ओळी," ती म्हणाली.

"तू?" रत्नाबाईंनी मान वर केली. "देव तर आमचा."

"देव तुमचा राहू द्या. अक्षरं काय कुणा एकाची हायेत का? मी येईन, तुमच्या शेजारी बसेन, वाचून सांगेन. पूजा माझी घरी."

"चाल येती का तुला?"

"न्हाई येत. चाल तुमी सांगा. शब्द मी सांगते."

रत्नाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळलं, जसं त्या बाजारात वांगं उलटंपालटं करून बघायच्या. मग सालोमनरावांकडे हात केला. "मास्तर, पुस्तक द्या तुमचं." सालोमनरावांनी काखेतलं गीतांचं पुस्तक मुकाट्याने दिलं. रत्नाबाईंनी ते सुनीताच्या हातात ठेवलं. "आज शेवटचं म्हनलं ते काढ. म्हण बघू."

सगळ्या मंडळीसमोर, सगळ्या तांड्यासमोर त्या पोरीने पान काढलं आणि पहिली ओळ म्हटली. उच्चार स्पष्ट, एकेक शब्द मोत्यासारखा. आणि गळा असा की लिंबावरचे पक्षी उडाले. देशपांडेसरांनी बूट बघायला सुरुवात केली. अमोलने कपाळाला हात लावला. तांड्यातली एक म्हातारी ओढणीत तोंड घालून खदखदायला लागली. सुनीता लाल झाली, पण थांबली नाही, ओळ पुरी केली.

"थांब माय, थांब," रत्नाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, नाईकांच्या हातातल्या ताटातला मोठ्यातला मोठा खडा उचलला. "एवढ्या कडू गळ्यावर गूळ खावाच लागंल मला."

खडा त्यांनी तोंडात टाकला, गालात धरला, आणि सुनीताला खांद्याला धरून आपल्या शेजारी पारावर बसवलं.

"आता दुसरी ओळ सांग."